उरलेली चोवीस पानं

गौरजाच्या कथा एस.टी.त लिहून व्हायच्या आणि कादंबरी घरात. हे तिनं ठरवलं नव्हतं, तसं पडत गेलं. बागोळ्याहून सकाळी सव्वाआठची गाडी कणकवलीला, तिथून दुसरी ओरोसला. तिथल्या कचेरीत दिवसभर जमिनींच्या नकाशांवर मान मोडायची आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत. जाऊन-येऊन तीन तास हातात. वही मांडीवर ठेवायची, गाडी वळणाला लागली की वाक्य तोडायचं, सरळ रस्त्याला आली की पुढचं धरायचं. तिच्या कथासंग्रहावर एकानं लिहिलं होतं की, लेखिकेची छोट्या वाक्यांची शैली तिची स्वतःची आहे. गौरजा ते वाचून पदरात तोंड घालून हसली होती. शैली कसली, वळणं होती ती.

कादंबरीचं मात्र तसं नव्हतं. तिला बसायला पाट लागायचा, चार भिंती लागायच्या. पहाटे आंघोळ, देवाजवळ दिवा, तुळशीला पाणी, आणि मग चहाच्या आधी कादंबरीचं एक पान निळ्या पेनानं दुरुस्त करायचं, असा तिचा नेम होता. सोमवारच्या उपासासारखाच तोही नेम. पाऊस असो, पाहुणे असोत, एक पान म्हणजे एक पान.

“थोरली नि धाकटी,” तिच्या सासूबाई विमला म्हणायच्या. थोरली म्हणजे कादंबरी, धाकटी म्हणजे कथा. “दोन सवती एका चुलीर. एकीक वाढलंस की दुसरी फुगता.”

आणि खरंच फुगायची. कथा जमत असली की पहाटेचं पान कोरडं जायचं. कादंबरीत जीव रमला की एस.टी.त वही उघडायचीसुद्धा नाही, खिडकीतून काजूच्या बागा बघत बसायची. त्या वर्षी तर दोघींची तारीख एकच आली, एकतीस डिसेंबर. एका मासिकाच्या विशेषांकाला कथा हवी होती. आणि कोल्हापूरच्या प्रकाशनाकडून कादंबरी बघणारी प्राजक्ता फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाली होती, “मॅडम, एकतीसपर्यंत सुधारून आली तर मार्चच्या यादीत घेते. नाही तर यंदा राहिली. आणि पुढच्या वर्षी या खुर्चीवर मी असेन की नाही, कुणास ठाऊक.”

“आणखी काय सुधारायचं पण?” गौरजानं विचारलं होतं.

“तुमची माणसं फार बोलतात हो. मनात आलेलं सगळं सांगून टाकतात. मला कुणाचंच काही ओळखावं लागत नाही.”

सात वर्षांची कादंबरी. खाडीवर पूल होण्याआधीच्या काळातली, तर, म्हणजे माणसं पलीकडं नेणारी होडी, चालवणाऱ्या एका घराची गोष्ट. तीनशे बारा छापील पानं. गौरजाला कळत होतं की प्राजक्ता म्हणते ते खरं आहे. कुठलं वाक्य काढायचं ते मात्र कळत नव्हतं. सगळी आपलीच लेकरं. कुणाला घराबाहेर काढायचं?

अशात देवानं कौल दिला आणि गावपळण लागली.

बागोळ्यात चार-पाच वर्षांनी एकदा गावपळण होते. देवळात कौल लागतो, आणि ठरल्या दिवशी सगळं गाव घरं बंद करून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. तीन दिवस नि तीन रात्री गाव रिकामं. ते तीन दिवस गाव आपलं नव्हे, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. मग कुणाचं, हे कुणी विचारत नाही. खाडीपलीकडच्या मळ्यात माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहतात, तीन दगडांच्या चुली पेटतात आणि अख्खा गाव एका पंगतीला बसतो. मुंबईची माणसं रजा टाकून येतात. लग्नाला येणार नाहीत, पण गावपळणीला येतात.

निघायच्या दिवशी गौरजाचा नवरा मंगेश दोन्ही हातांत उलट्या कोंबड्या धरून अंगणात उभा होता. “गो, आटप! माजरां पिशयेत घातलंय ती पिशयेसकट धावतत.”

विमलाबाई मात्र शांतपणे ओटीवर हिरांची केरसुणी बांधत होत्या. निम्मी बांधली, दोरी तशीच सोडली आणि केरसुणी उंबऱ्याच्या आत नीट ठेवली.

ही बागोळ्याची आणखी एक रीत. प्रत्येकानं आपलं एक काम अर्धं करून घरात ठेवायचं. कुणी अर्धी विणलेली टोपली ठेवतो, कुणी अर्धे सोललेले काजू. जे अर्धं आहे ते बाहेर न्यायचं नाही. लग्न होऊन आल्यावर गौरजानं कारण विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, “पुरा केलला घर कोणाक पण परक्याचा वाटता गो. हात घालूक कायतरी होया मां?”

“तुझा अर्धा काय?” आता त्यांनी विचारलं.

“थोरली.” गौरजानं कादंबरीचा गठ्ठा खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला. देवाला नमस्कार करावा तसा त्यालाही केला.

धाकटीसुद्धा अर्धीच होती. तेरा पानांच्या कथेची सात पानं झालेली. पण तीन दिवस हात रिकामा ठेवायचा, तेही महिनाअखेर तोंडावर असताना? गौरजानं वही साडीच्या घडीत घातली आणि घडी पिशवीच्या तळाशी. देवाधर्माच्या बाबतीत एवढी काटेकोर बाई, पण मनाची समजूत घालायला तिला एका वाक्याच्या वर लागलं नाही. एक ठेवलं ना, मग झालं.

कुलूप मंगेशनं लावलं. किल्ली गौरजाच्या कमरेला.

ते तीन दिवस म्हणजे सुखाचा कहर होता. सकाळी खाडीवर आंघोळी, न्याहरीला घावणे, दुपारी आंब्याखाली पत्ते, तिन्हीसांजेला भजन आणि बायकांच्या फुगड्या. कोंबड्या एकमेकींच्या खोपीत जाऊन अंडी घालत होत्या आणि त्यावरून रोज एक गमतीचं भांडण व्हायचं. गौरजानं सत्तरीच्या सासूबाईंबरोबर फुगडी घातली. सासूबाई जिंकल्या.

“माझो नेम मोडलो ओ आई,” ती धापा टाकत म्हणाली. “पान नाय झाला तीन दिवस.”

“देव काय मोजूक बसलो नाय. गरगर फिरलंस तां खंय गेला?”

आणि धाकटी? धाकटी त्या मळ्यात नुसती धावत सुटली. आडव्या माडाला टेकून गौरजा लिहायला बसे आणि वळण नाही, खड्डा नाही, कंडक्टरची घंटी नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तेरावं पान झालं. इतकी हसरी कथा तिच्या हातून पूर्वी उतरली नव्हती. मूल पोळीचा पहिला तुकडा तोंडात टाकताना आई त्याच्याकडं बघते, तशी ती वहीकडं बघत राहिली.

एकच गोष्ट खटकली, आणि तीही बारीक. गंगाराम घाडी, देवळात गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालणारे, दुसऱ्या दिवशी खोपीखोपीतून फिरत आले. “सगळ्यांनी अर्धा ठेवलास मां? कोणी अर्धा कायव भायर हाडूक नाय मां?”

“ठेवला, ठेवला,” विमलाबाई म्हणाल्या.

गंगारामांनी गौरजाच्या मांडीवरच्या वहीकडं पाहिलं. “ह्यां काय गो?”

“कचेरीतला,” ती म्हणाली. आयुष्यात ती इतकं सरळ खोटं पहिल्यांदाच बोलली असेल.

ते “बरां” म्हणाले आणि पुढं गेले. त्यानंतर तिनं सहज खाडीपलीकडं पाहिलं. गाव उन्हात स्वच्छ दिसत होतं. माडांच्या वर एकही कावळा नव्हता. एवढंच.

चौथ्या दिवशी कौल मिळाला, “व्हय महाराजा” झालं आणि गाव परतलं. मंगेशनं कुलूप काढलं. कुलपाला कुणी हात लावलेला नव्हता. उंबऱ्याच्या आत केरसुणी होती तशीच, निम्मी. वेशीबाहेर रस्त्याचं काम चालू असल्यामुळं घरभर तांबड्या मातीची धूळ बसली होती. देव्हाऱ्यावर, रेडिओवर, टेबलावर.

गठ्ठ्यावर मात्र नव्हती.

गौरजानं पहिलं पान उचललं. तिच्या निळ्या खुणांच्या शेजारी काळ्या रेघा होत्या. कोळशाच्या. सरळ, सुईसारख्या बारीक. पहिल्या पानावर एक वाक्य खोडलेलं. तिसऱ्यावर दोन. नवव्यावर अख्खा परिच्छेद.

कुठं अक्षर नव्हतं, शेरा नव्हता. नुसत्या रेघा.

तिनं आधी किल्ली पाहिली, मग मागचं दार, मग खिडकीची कडी. नकाशांवर काम करणारी बाई ती. जमिनीवर पाऊल उमटलेलं नाही हे तिनं कागदावर लिहून ठेवावं तितक्या नेमकेपणानं पाहून घेतलं. मंगेश म्हणाला, “उंदरांचो खेळ तो.” खोडलेलं वाक्य मोठ्यानं वाचून पाहिलं तेव्हा त्यालाही कळलं. उंदराला एवढं कळत नाही.

कारण प्रत्येक रेघ बरोबर होती.

नायिका तरीवर नवऱ्याची वाट बघत उभी राहते, आणि पुढं गौरजानं लिहिलं होतं, ‘तिच्या काळजात कालवाकालव झाली.’ ते वाक्य गेलं होतं. आता नुसती ती उभी होती, आणि वाचताना गौरजाच तिच्याबरोबर वाट बघू लागली. जिथं जिथं माणसं फार बोलत होती, तिथं तिथं कुणीतरी त्यांच्या ओठांवर अलगद बोट ठेवलं होतं.

त्रेचाळिसाव्या पानावर तर गंमतच. तरीची दोरी आंब्याला बांधली असं तिनं लिहिलं होतं. ‘आंब्याला’ खोडून बाजूला एक इवलंसं झाड काढलं होतं, गोल गोल फळांचं.

विमलाबाईंनी चष्मा लावून पाहिलं. “उंडी ती. खरां तां. तरीची दोरी उंडयेक बांधीत. मी लग्न होवन इलंय तेव्हा निसतो खुंट होतो थय.” मग चष्मा काढून म्हणाल्या, “कोणतरी वाचतला दिसता. बरां झाला.”

“आई, भय नाय वाटणा?”

“केरसुणी बघ माझी. पन्नास वर्षां ठेवतंय, कोणी हीर हलवूक नाय. तुझ्या कामाक हात लावल्यानी. मान आसा तो.”

गौरजाला भीती वाटायला हवी होती. तिनं देवापुढं बसून प्रामाणिकपणे ती शोधलीसुद्धा. सापडला तो आनंद. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिची थोरली इतक्या मायेनं वाचली होती.

फक्त दोन गोष्टी तिनं कुणाला सांगितल्या नाहीत. काळ्या रेघा दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर थांबल्या होत्या. पुढच्या चोवीस पानांवर एकही नव्हती. आणि गठ्ठ्याच्या उजव्या हाताला, टेबलावरच्या तांबड्या धुळीत, एक चौकोन कुणीतरी स्वच्छ पुसून ठेवला होता. तिनं वीत लावून पाहिली. तिच्या कथेच्या वहीएवढाच. चौकोनाशेजारी कोळशाची एक कांडी, टोक काढलेली, न वापरलेली.

पुढचे पंधरा दिवस गौरजा हवेत चालत होती. पहाटेचं एक पान विसावर गेलं. चहा गार व्हायचा. वाक्यं काढताना आता दुखत नव्हतं. काढलेलं वाक्य जाताना मागं जागा मोकळी करून जायचं आणि त्या जागेत वारा यायचा. सासूबाई देवपूजेसाठी हाक मारत, तर ही आतून ओरडे, “इलंय, इलंय, ह्यां एक बोलका मनीस गप करतंय!” मंगेश म्हणायचा, घरात आता आपणच तेवढे बोलायचे राहिलो.

सव्वीस तारखेला दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं झाली आणि गौरजा अडली.

पुढच्या चोवीस पानांवर तिनं तीन पहाटा घालवल्या. शेवट होता तो. नायिका तरीचं काम सोडून जाते, पूल होतो, सगळे निरोप घेतात. एक शब्द काढला तर दुसरा रुसायचा. निळी रेघ ओढायची, पुन्हा टिंबं देऊन ते वाक्य परत घ्यायचं. आणि रोज उजव्या हाताला तो चौकोन. बाकीच्या टेबलावर धूळ बसत होती, ती पुसत होती, पुन्हा बसत होती. चौकोनावर बसत नव्हती.

अठ्ठावीसला ती देवळात गेली. गंगाराम घाड्यांना वहीचं सगळं सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत. हातातल्या नारळाची शेंडी सोलता सोलता त्यांनी विचारलं, “पुरी केलंस ती?”

“थय मळ्यात. तेरा पानां.”

“हयसून नेताना किती होती?”

“सात.”

“मगे सात त्येंची,” ते म्हणाले. “तू आपला नेलंस असा तुका वाटता. आमचा देव भोळो गो. पण कोणतरी अजून वाट बघीत रवला आसतला. गाव परत भरलो तरी.”

“अजून? घरात?”

गंगारामांनी नारळ वाढवला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आंघोळ, दिवा, तुळस. मग गौरजानं कथेच्या वहीची शिवण उसवली. सात पानं मोजून वेगळी केली, कात्रीनं कडा सारख्या केल्या आणि ती धुळीतल्या चौकोनात ठेवली. नेमकी बसली. शेजारी थोरलीची चोवीस पानं. उरलेली धाकटी, आठ ते तेरा, तिनं फराळाच्या डब्याच्या पिशवीत घातली आणि सव्वाआठची गाडी पकडली.

त्या दिवशी एस.टी.त तिनं काही लिहिलं नाही. कणकवलीत गाडी बदलताना फुटाण्यांची पुडी घेतली आणि उपास आठवून शेजारच्या बाईला दिली. मनातून ती एखाद्या परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी हलकी आणि धास्तावलेली होती.

कचेरीतून लवकर निघून ती परतली तेव्हा उजेड होता. विमलाबाई मागच्या पडवीत कोकमं निवडत बसल्या होत्या. पुढचं दार उघडंच. गौरजा चपला काढून तडक टेबलाजवळ गेली.

चोवीस पानांवर काळ्या रेघा होत्या.

दोनशे एकोणनव्वदवर एक. नव्वदवर एक. मग थेट तीनशे नऊवर. तिथून शेवटपर्यंतची चार पानं एकाच तिरक्या रेघेनं काढून टाकलेली. सगळे निरोप गेले होते. आता कादंबरी तरीची दोरी सोडल्यावर संपत होती. उंडीचा खुंट, ओला, आणि त्यावर दोरीचा वळ.

गौरजा खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती आवाज न करता हसत होती. झाली. सात वर्षांनी झाली. उद्या कणकवलीहून पाठवली की परवा एकतीसला प्राजक्ताच्या हातात.

धाकटीची सात पानं चौकोनात होती तशीच होती. त्यांवर एकही रेघ नव्हती.

शेजारची कांडी झिजून नखाएवढी उरली होती.

ती पडवीत धावली. “आई! झाली थोरली!”

“माका म्हायत आसा,” विमलाबाई मान वर न करता म्हणाल्या. “दिसभर खुर्ची करकरता. कचेरीक रजा घेतलंस तर सांगाक काय झाला? उपासाचा तरी करून दिलंय आसता.”

गौरजा दारात उभी राहिली. खांद्याला अजून पिशवी होती.

“मी हाक मारलंय दोनदा. ‘हूं’ केलंस नि परत वाचूक लागलंस. पण बरां वाटला हां. धाकटी वाचून एवढी हसताना तुका कधी ऐकूक नाय.”

“हसलंय?”

“तीनदा. दुपारचा एकदा, मगे लगेच एकदा. नि आता तू भायर इलंस त्याच्या वायच आधी, तां तर खदखदून.”

गौरजा त्यांच्या शेजारी बसली. सूपभर कोकमांचा आंबट वास येत होता. खरं म्हणजे तिला विचारायचं होतं कोण, पण तोंडातून आलं ते वेगळंच. लिहिणाऱ्या बाईच्या तोंडातून दुसरं काय येणार?

“खंयच्या पानार हसला?”

“तां माका काय म्हायत!” विमलाबाई हसल्या.

गौरजानं मनातल्या मनात कथा चाळली. हसण्याच्या जागा तीनच होत्या. पहिली दुसऱ्या पानावर, दुसरी पाचव्यावर. तिसरी, तिची सगळ्यांत आवडती, अकराव्या पानावर होती. आणि अकरावं पान सकाळपासून तिच्या पिशवीत, डब्याखाली, चार घड्या घालून ठेवलेलं होतं.